गेरू-चुन्याची वाट

आमच्याकडे ऑक्टोबर कात्रीच्या आवाजाने येतो. पलूसच्या बाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा, आणि मांडवाखाली हात वर करून उभ्या असलेल्या बायका. कट्, कट्, कट्. काडीमागून काडी पायाशी पडते. छाटलेल्या बागेला ओल्या लाकडाचा, जरासा आंबूस वास येतो. माझं शेतीच्या औषधांचं दुकान आहे, त्यामुळे हा महिना मला आवडायला हवा. शटर वर जायच्या आधीच गिऱ्हाईक पायरीवर बसलेलं असतं. "काकी, काडीला लावायची पेस्ट आली का?" "वहिनी, औंदा दावण्यावर काय चालतंय?" मी सांगते, काढून देते, पुढच्याला विचारते. आभाळ भरून आलं की सगळे एकदम बाहेर जाऊन वर बघतात. छाटणीनंतरचा पाऊस म्हणजे दावण्या रोगाला आवतण. मीही बघते. पण माझं लक्ष तिथं नसतं.

आठवणी काढत बसायची मला सवय नाही. दुकान, बाग आणि घर एकटीने सांभाळणाऱ्या बाईला ती परवडत नाही. मात्र ऑक्टोबर आला, की कात्रीच्या आवाजाबरोबर मला इटलीतली एक डोंगरवाट दिसायला लागते. तीन वर्षं झाली, ती वाट पुसली जात नाही. म्हणून लिहायला बसले.

माझे यजमान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गाव त्यांना सुभेदार म्हणतं, मीही तेच म्हणते. आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेत नाहीत आणि 'अहो' मला दुकानात गिऱ्हाइकांसाठी लागतं. नव्या रंगरूटांना नकाशा वाचायला शिकवणं हे त्यांचं फौजेतलं काम. लग्नानंतर आम्ही पाटणकडे माझ्या माहेरी जायचो तेव्हा धुक्यातही ते माझ्या भावांच्या पुढे चालायचे. भाऊ म्हणायचे, "दाजी, गाव आमचं हाय का तुमचं?"

इटलीच्या आदल्या वर्षी, अशाच छाटणीत, त्यांनी बागेतली एक ओळ छाटली. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलात सगळं खरडून काढतात, नुसते खुंट ठेवतात. ऑक्टोबरात मात्र काडीवरचे फळाचे डोळे राखून कापायचं असतं, त्यातूनच घड येतो. सुभेदारांनी ऑक्टोबरात एप्रिलची छाटणी केली. ओळ बोडकी झाली.

छाटणीला येणारी सिंधू मोठ्यांदा म्हणाली, "आवं सुभेदार, ह्यो काय एप्रिल हाय व्हय?"

"बघ की," ते म्हणाले, "हात चालला आपला."

सगळ्या बायका हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारची ओळ तशीच उतरवली तेव्हा कुणी हसलं नाही. संध्याकाळी सिंधू दुकानात आली. काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, "वहिनी, तेवढी कात्री काढून घ्या त्यांच्या हातातनं."

सांगलीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि रोगाचं नाव सांगितलं. रोगाचं नाव कळलं की औषध काढून देणं हा माझा धंदा. मी विचारलं, "औषध काय?" ते म्हणाले, गोळी आहे, पण ती बरं करत नाही, वेग जरा कमी करते. यापुढे यांना एकट्याला लांब पाठवू नका, असंही म्हणाले. मी गोळ्या घेतल्या आणि डॉक्टरवर विश्वास ठेवायचा नाही असं बाहेर पडतानाच ठरवलं. ज्याने बर्फात वाट काढली त्याला पलूसच्या बाजारात एकटं सोडायचं नाही, हे कसं मानायचं?

आमचा मुलगा अमोल इटलीत ट्रॅक्टरच्या कारखान्यात आहे. त्यानेच सुचवलं, इकडे या, आठवडाभर डोंगरातून गावोगाव चाला, पप्पांना आवडेल. सामान गाडीने पुढच्या मुक्कामी जातं, आपण फक्त चालायचं. मी लगेच हो म्हटलं. त्याला खरंच वाटेना. त्याच्या पदवीदानालाही मी दुकान बंद केलं नव्हतं. त्याला वाटलं, आईला हौस आली. मला हौस नव्हती. मला पुरावा पाहिजे होता. परक्या मुलखात, नकाशा हातात घेऊन हा माणूस आठवडाभर बरोबर चालला, तर डॉक्टर चुकला. मग त्यांची कात्री, त्यांची मोटरसायकल, त्यांचं एकट्याने बाजारात जाणं सगळं त्यांना परत देता येणार होतं. मी तेवढ्यासाठी गेले.

उंब्रिया नावाचा तो मुलूख. टेकडीमागे टेकडी, आणि जवळजवळ प्रत्येक टेकडीच्या डोक्यावर दगडी गाव. आपल्याकडे गडावरची वस्ती उठून गेली, तट तेवढे राहिले. तिथं तटाच्या आत अजून माणसं राहतात, म्हणजे म्हातारी राहतात. खिडक्यांच्या हिरव्या झडपा बंद, दारात कुंड्या, पायऱ्यांच्या बोळात मांजर, दोन भिंतींमध्ये दोरीवर वाळत घातलेली एखादीच पांढरी चादर. पोरं खाली शहरात गेली. सकाळी दऱ्या धुक्याने भरलेल्या असायच्या आणि गावं पाण्यातून डोकं काढल्यासारखी वर दिसायची. ऑलिव्हच्या झाडांखाली जाळ्या अंथरलेल्या. वाटेवर चेस्टनट पडलेले, काटेरी कवचातून उघडे पडलेले, चपलेने दाबले की निघणारे. द्राक्षवेलींची पानं गंजाच्या रंगाची झाली होती. आमच्याकडे ज्या महिन्यात बागेचं वर्ष सुरू होतं त्या महिन्यात त्यांचं संपलेलं होतं. सुभेदार प्रत्येक बागेपाशी थांबायचे, खोड हाताने चाचपायचे, म्हणायचे, "ह्यांच्यात मांडव न्हाई गं. कमरेएवढ्याच वेली. कंबर मोडत आसंल बायकांची."

त्या वाटांवर दगडांना आणि झाडांना खुणा असतात, एक लाल पट्टा आणि एक पांढरा. चालणाऱ्याने त्या बघत जायचं. पहिली खूण दिसली तशी सुभेदारांची पाठ ताठ झाली.

"गेरू-चुना!" ते म्हणाले. "हितं युनिट हाय कुठलं तरी."

"युनिट नाही. वाट दाखवायला रंग दिलाय."

"तुला काय म्हाईत? जनरलसाहेब यायचं आसलं की आमी छावणीतला एकेक दगड असाच रंगवायचो. लाल, पांढरा. लायनीत."

त्यांना त्या मुलखाबद्दल आदर वाटायला लागला. शिस्त आहे, म्हणाले. एखादा रंगवलेला दगड कलंडलेला दिसला की ते काठी बाजूला ठेवायचे, दगड उचलायचे, रस्त्याच्या कडेशी रेषेत बसवायचे, एक डोळा मिटून बघायचे आणि मगच पुढे निघायचे. फौजेत वाकडा दगड कुणी सोडत नाही. मी म्हणायचे, "चला आता, जनरल नाही यायचा आज." ते म्हणायचे, "आला म्हंजे?"

ते पहिले दिवस फार चांगले गेले. हे लिहिताना मला राग येतो, इतके चांगले. ऊन बघून ते सांगायचे, आता गाव डाव्या अंगाला दिसेल, आणि वळणावर गाव डाव्या अंगाला दिसायचं. मी ते मनात जमेला धरत जायचे. एका गावात एका म्हातारीने आम्हाला बाकावर बसवून भाजलेले चेस्टनट दिले आणि हाताच्या खुणांनी मुलं किती विचारलं. मी एक बोट दाखवलं आणि मग लांब कुठंतरी दाखवलं. तिनेही तसंच केलं. सुभेदार तिला मराठीत म्हणाले, "मावशी, आमच्याकडं या एकदा. हुरडा खायाला घालतो." ती मान हलवून हसली. त्या संध्याकाळी मी अमोलला फोन केला आणि म्हटलं, "आपण डॉक्टर बदलूया." त्यालाही रडू आलं. मी फोन ठेवला.

मग तो दिवस.

चेस्टनटच्या रानात वाटेला दोन फाटे फुटत होते. एक रुंद गाडीवाट खाली ऑलिव्हच्या मळ्यांकडे, एक अरुंद पायवाट वर. मधोमध खुणेचा दगड होता, जरा तिरका, रंगाची बाजू अरुंद वाटेकडे. सुभेदारांनी टोपी काढून शेजारच्या खोडावर ठेवली, दगड हलवला आणि गाडीवाटेच्या कडेला सरळ रेषेत बसवला. मी नकाशात बघितलं होतं, आम्हाला वर जायचं होतं. वर गेलो. थोड्या वेळाने एका सपाटीवर घरून आणलेल्या धपाट्यांचा डबा उघडला. तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला.

"टोपी ऱ्हायली. आलोच."

फाटा जवळच होता. वाट एकच, सरळ. मी म्हणू शकले असते की मी येते बरोबर. पण हेच तर बघायला मी एवढ्या लांब आले होते. "या," म्हटलं.

धपाट्यावर मुंग्या चढल्या तरी ते आले नाहीत. मी उठले. फाट्यावर आले, खोडावर टोपी नव्हती. म्हणजे इथपर्यंत ते बरोबर आले होते. टोपी घातली असणार, वळले असणार, आणि आता कुठं, म्हणून खूण बघितली असणार. खूण गाडीवाटेकडे तोंड करून ताठ उभी होती. आपण नुकतेच कुठून आलो हे ज्याला आठवतं त्याला खूण लागत नाही. मी तिथं उभी राहिले आणि मला सगळं समजलं, डॉक्टरही समजला, आणि मग मी खाली पळत सुटले.

गाडीवाट मळ्यांत शिरली आणि तिच्या तीन वाटा झाल्या. त्यांचा फोन माझ्या पिशवीत होता. माझ्या फोनला रेंज नव्हती. दरीतून धुकं वर यायला लागलं होतं आणि कुठूनतरी बंदुकांचे बार ऐकू येत होते. रानडुकरांच्या शिकारीचे दिवस आहेत असं मुक्कामाच्या घरी सांगितलं होतं. बार ऐकला की आमचा माणूस आवाजाच्या दिशेने जाईल की उलट, हे मला ठरवता येईना. मी हाका मारायला लागले. "अहो!" हा शब्द घराबाहेर ऐकू जात नाही, तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्यापुरताच केलेला आहे. "सुभेदार!" म्हणून ओरडले. मग नाव घेतलं. तीसेक वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, भर रानात, एकेरी. "दत्ता! दत्तूऽऽ!" त्यांची आई मारायची तशी हाक. समोरच्या टेकडीने ती तशीच्या तशी परत केली.

एका गावात शिरले, दारं वाजवली. झडपा बंद. एक कुत्रं भुंकलं. मी पायरीवर बसले आणि मनात म्हटलं, जिवंत सापडू दे, मग घरात कोंडून ठेवीन, कुलूप लावीन, डॉक्टर म्हणेल ते सगळं करीन. कुणाला म्हटलं कोण जाणे. आमच्या घरचा देव तिथं फार लांब होता.

पुन्हा वाटेला लागले तेव्हा धुक्यातून नारिंगी बंडी घातलेला, खांद्यावर बंदूक असलेला एक शिकारी आला. मी "हजबंड, हजबंड" म्हणत मोबाईलमधला फोटो दाखवायला लागले. त्याने फोटोकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या कपाळाच्या मध्यावर बोट टेकवलं आणि माझ्या टिकलीकडे दाखवलं. हसला. खिशातलं वॉकीटॉकीसारखं यंत्र काढून त्यात काहीतरी मोठ्यांदा ओरडला आणि मला हाताला धरून खालच्या रस्त्यावर नेलं. तिथं अ‍ॅपे रिक्षा उभी होती. पलूसहून तासगावला माणसं कोंबून नेते तीच, तीन चाकांची, तशीच खडखडणारी. मागच्या हौद्यात मला बसवलं, शेजारी दोन कुत्री. मला वाटलं, प्रेत दाखवायला नेतायत. मग तो हसला का? वाटभर मी तेवढाच विचार करत होते, मग तो हसला का.

दुसऱ्या टेकडीवरच्या गावात, चर्चसमोरच्या चौकात माणसं जमली होती. सगळी म्हातारी, हातात काठ्या, एकाच्या हातात बॅटरी. मधे सुभेदार. टोपी डोक्यावर. चर्चच्या पायरीवर त्यांनी चेस्टनट मांडले होते. मोठा म्हणजे टेकडी, त्याच्या भोवती लहान म्हणजे शोधायला जाणाऱ्या तुकड्या, मधून काडीने ओढलेली वाट. कुणी कुठून जायचं, कुठं एकत्र यायचं, सगळं चोख. बायकोची उंची छातीपाशी आडवा हात धरून सांगितलेली, कपाळावर टिकली काढून दाखवलेली. भाषेचा एक शब्द न येता त्यांनी अख्खं गाव कामाला लावलं होतं. मला शोधायला.

मी हौद्यातून उतरले. टाळ्या पडल्या. एका आजीने माझे गाल धरले.

"कुठं गेलतीस?" सुभेदार ओरडले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "येडी का खुळी तू? परक्या मुलखात आशी एकटी फिरतात व्हय? सगळं गाव उठवलं तुझ्यापायी!"

मी त्यांच्याकडे बघितलं. खरं सांगायला तोंड उघडलं. सगळे आनंदात होते, म्हातारे एकमेकांच्या पाठी थोपटत होते, शिकाऱ्याने कुठूनतरी बाटली आणली होती. मी म्हटलं, "वाट चुकले हो."

"चुकलीस ते चुकलीस, जाग्यावर थांबायचं. हलायचं न्हाई. कितीदा सांगितलंय."

"आता नाही हलणार," म्हटलं.

उरलेलं चालणं आम्ही केलं नाही. अमोल येऊन घेऊन गेला. गाडीत पुढच्या सीटवरून सुभेदार त्याला सांगत होते, "तुजी आई हरावली हुती रं, पर सापडली." अमोलने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. टेकडीवरची गावं एकेक करून मागे जात होती, आणि हे सगळं मुद्दाम बघून घ्यावं असं मला वाटत नव्हतं.

त्याला तीन वर्षं झाली. सुभेदार आता बागेत जात नाहीत. कात्री मी वरच्या फळीवर ठेवली आहे, त्यांनी ती मागितलीही नाही. छाटणी ठेकेदाराची माणसं करतात. सिंधू असते, ती येता-जाता ओट्यावर बसलेल्या सुभेदारांना हाक मारते, "जेवला का?" ते म्हणतात, "व्हय, तुमी?" तिचं नाव आता त्यांना येत नाही.

गेल्या वर्षभरात एक नवीन सुरू झालं. दिवस कलला की ते बूट घालतात, टोपी घालतात आणि मला म्हणतात, "बाई, आमची मंडळी कुठं दिसली का? सकाळधरनं पत्ता न्हाई." पहिल्यांदा मी म्हटलं, मीच की. ते इतके घाबरले, की मी परत कधी म्हटलं नाही. परकी बाई घरात शिरून मी तुमची बायको म्हणते, म्हटल्यावर कुणीही घाबरेल. मी त्यांच्याबरोबर शोधायला जाते. कॅनॉलच्या रस्त्याने, एका बाजूला ऊस, एका बाजूला बागा. माणसं भेटतात. "रामराम सुभेदार, कुनीकडं?" "मंडळीला बघाय निघालोय." माणसं माझ्याकडे बघतात आणि मग खाली बघतात. एकजण पटकन बोलून गेला, "आवं, काकी तर बरोबरच हायत की." सुभेदार थांबले, त्यांनी मला नीट बघून घेतलं. "ह्या व्हय? ह्या लय चांगल्या हायत," ते म्हणाले. "पर ह्या न्हवं."

अंधारायच्या आत आम्ही परततो. दारात ते मला निरोप देतात. "बरं बाई, तुमी या आता. तुमची बी माणसं वाट बघत आसतील." आणि दार आतून लावून घेतात. मी घराला वळसा घालते, पाण्याच्या टाकीमागून परसदारी येते, स्वयंपाकघरात शिरून भांड्यांचा मुद्दाम आवाज करते. आतून हाक येते, "आलीस?"

"आले."

"कुठं गेलतीस?"

"दुकानात उशीर झाला."

अख्खा पावसाळा या युक्तीवर निघाला. रोज संध्याकाळी मी त्यांना सापडत होते. ज्या रोगावर औषध नाही त्यावर हे चालतंय, म्हणून मी स्वतःवर खूश होते, खोटं कशाला सांगू.

काल आम्ही परत आलो, त्यांनी निरोप दिला, दार लागलं. मी टाकीमागून आले, पातेल्याचा आवाज केला. हाक आली नाही. थोडी थांबले, झाकणी पाडली. नाही. दोन कप चहा घेऊन मी बाहेरच्या खोलीत गेले. ते कॉटवर बसले होते. मान वर करून बघितलं आणि त्यांना नवल वाटलेलं दिसलं.

"तुमी आजून गेला न्हाईसा?"

ट्रे हातात तसाच. ते घाबरले नाहीत, हेच वाईट होतं. त्यांनी खिडकीतून बाहेरचा अंधार बघितला आणि कॉटवर जरा सरकून घेतलं.

"आता जानार तरी कुठं, एवढ्या अंधारात. बसा." एक कप त्यांनी घेतला, दुसऱ्यावर बशी झाकली. "ह्यो तिला ऱ्हाऊ द्या. येईलच येवढ्यात."

मी बसले.